दोन्ही पक्षांचा एकच उमेदवार : अर्ल वॉरन यांची गोष्ट



यंदा आमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतली. तुमच्याकडेही होतच असेल. दोन गट केले, एकाला पुस्तकाचं चिन्ह दिलं, दुसऱ्याला छत्रीचं. नावं लिहून मागवली तर गंमत काय झाली, दोन्ही गटांनी मुख्यमंत्रिपदासाठी एकाच मुलाचं नाव दिलं! मुलगा खरंच चांगला आहे, भांडणं सोडवतो, लहानांना पाण्याच्या टाकीपाशी पुढे जाऊ देतो. पण पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली की बाई, मग मतदान कशाला घ्यायचं? प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी मी वेळ मारून नेली. पण घरी गेल्यावर आठवलं की असा प्रकार एका मोठ्या राज्यात खरोखर घडला आहे, आणि तोही आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या आदल्या वर्षी. मग मुलांना तीच गोष्ट दोन तासिकांमध्ये सांगितली. आज ती तुमच्यासाठी जरा विस्ताराने लिहीत आहे. मुलांना सांगताना जे टाळलं तेही इथे आहे, कारण वाचणारे आपण मोठे आहोत.

ही गोष्ट आहे अर्ल वॉरन यांची. अमेरिकेचे सरन्यायाधीश म्हणून त्यांचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल त्यांनी दिला. पण त्याआधी ते दहा वर्षं कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नर होते, आणि ती निवडणूक कशी झाली हे फारसं कुणी सांगत नाही.

रेल्वेच्या यार्डातलं बालपण

अर्लचा जन्म १९ मार्च १८९१ रोजी लॉस एंजेलिस इथे झाला. वडील मथायस हे नॉर्वेतून आलेले, आई क्रिस्टल स्वीडिश घराण्यातली. वडील सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीत कामाला होते. १८९४ साली अमेरिकेत रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. त्यात वडील सामील झाले आणि कंपनीने त्यांचं नाव काळ्या यादीत टाकलं. पोटासाठी कुटुंब बेकर्सफील्ड नावाच्या गावी आलं. रखरखीत उन्हाचं, धुळीचं गाव. तिथे वडिलांना पुन्हा रेल्वेच्याच डब्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं.

शाळेला सुट्टी लागली की अर्लही रेल्वेत काम करायचा. त्याचं काम काय, तर गाडी सुटायची वेळ झाली की इंजिनचालक, आगवाले, गार्ड अशा सगळ्यांना घराघरांतून, खानावळींतून, नको त्या ठिकाणांहूनही शोधून आणायचं. त्यामुळे मोठ्या माणसांचं जग त्याला फार लवकर दिसलं. यार्डात हातपाय तुटलेली माणसं त्याने पाहिली. अशा माणसाला कंपनी वाऱ्यावर सोडते हे पाहिलं. एका दिवसात शेकडो माणसांचं काम जातं आणि त्यांना विचारणारं कुणी नसतं हेही पाहिलं. पुढे तो ज्या पक्षात गेला तो पक्ष मोठ्या कंपन्यांचा मानला जायचा. पण हे यार्ड त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही, असं त्याचं पुढचं काम बघून मला वाटतं.

अभ्यासात अर्ल काही फार हुशार नव्हता. शाळेत सनई-बाजासारखं क्लॅरिनेट नावाचं वाद्य वाजवायचा, एक गाढव पाळलेलं होतं त्याच्यावर फिरायचा. बर्कलीच्या विद्यापीठात गेला, १९१२ मध्ये पदवी आणि १९१४ मध्ये कायद्याची पदवी घेतली. वर्गात त्याचं नाव वरच्या क्रमांकात कधीच नव्हतं. पालकहो, ही ओळ मी मुद्दाम लिहिली आहे, पण त्यावर जास्त काही बोलत नाही!

सरकारी वकील

पहिल्या महायुद्धात वॉरन सैन्यात होते, मात्र परदेशी आघाडीवर जायची वेळ आली नाही. १९२० मध्ये अलामिडा काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं) ते सरकारी वकिलाचे साहाय्यक झाले. १९२५ मध्ये मुख्य सरकारी वकील झाले आणि पुढची तेरा-चौदा वर्षं तिथेच राहिले. तिकडे हे पद निवडणुकीने भरतात, हे लक्षात घ्या. दारूचे अड्डे, जुगार, रस्त्याच्या कंत्राटातला पैसा, पोलिसांची हप्तेबाजी, सगळ्यांवर त्यांनी खटले चालवले. खुद्द काउंटीच्या शेरीफलाही त्यांनी तुरुंगात पाठवलं.

१९२५ मध्येच नीना या तरुण विधवेशी त्यांनी लग्न केलं. तिचा लहान मुलगा जेम्स याला त्यांनी आपलं नाव दिलं. पुढे आणखी पाच मुलं झाली. घरात सहा मुलं आणि त्यांत सावत्र-सख्खं असं काही नाही.

१९३८ मध्ये ते राज्याच्या ॲटर्नी जनरल पदासाठी उभे राहिले. हे राज्याच्या सर्वांत मोठ्या कायदा अधिकाऱ्याचं पद. प्रचार चालू असतानाच मे महिन्यात बेकर्सफील्डच्या घरी त्यांच्या वृद्ध वडिलांचा कुणीतरी डोक्यात लोखंडी नळी घालून खून केला. ज्या माणसाने आयुष्यभर गुन्हेगार पकडले, त्याच्या स्वतःच्या वडिलांचा खुनी शेवटपर्यंत सापडला नाही.

मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नाही

आता त्या निवडणुकीच्या पद्धतीकडे येऊ या. मुलांना समजावताना मला इथेच सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिली गोष्ट, अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपले राज्यपाल नेमलेले असतात. तिकडचा गव्हर्नर लोकांच्या मतांनी थेट निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो. म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचं पद.

दुसरी गोष्ट, तिकडे दोन फेऱ्या असतात. आधी प्रत्येक पक्षाचे मतदार आपल्या पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवतात. याला प्रायमरी म्हणतात. मग नोव्हेंबरात खरी लढत. कॅलिफोर्नियात १९१३ पासून एक वेगळाच नियम होता. रिपब्लिकन पक्षाचा माणूस डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीतही अर्ज भरू शकायचा आणि उलटही. बरं, प्रायमरीच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा मूळ पक्ष कोणता हे छापलेलंच नसायचं. मतदाराला नाव ओळखीचं वाटलं की तो शिक्का मारून मोकळा.

हा नियम आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी रेल्वे कंपनीने दोन्ही पक्ष खिशात घातले होते. पक्षांची पकड ढिली केली तर चांगली माणसं निवडून येतील असा विचार होता. एक अट मात्र ठेवली होती. आधी स्वतःच्या पक्षात जिंकायला हवं, तरच दुसऱ्या पक्षाची उमेदवारी मिळेल. १९१८ मध्ये या अटीने मोठी फजिती केली. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जेम्स रॉल्फ हे रिपब्लिकन. ते डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत जिंकले आणि आपल्याच पक्षात हरले! नियमाप्रमाणे ते दोन्हीकडून बाद झाले आणि त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाला गव्हर्नरपदासाठी अधिकृत उमेदवारच उरला नाही. ही गोष्ट ऐकून मुलं खूप हसली.

वॉरन यांना ही पद्धत चांगलीच मानवली. राज्यात नोंदणीकृत मतदार डेमोक्रॅटिक पक्षाचे जास्त होते आणि वॉरन रिपब्लिकन. ते सगळीकडे सांगायचे की मी पक्षाचा नाही, सगळ्यांचा आहे. हे धोरणही होतं आणि काही प्रमाणात खरंही होतं. १९४२ मध्ये त्या वेळचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांना त्यांनी सुमारे ५७ टक्के मतं घेऊन हरवलं. या प्रचारासाठी त्यांनी व्हिटेकर आणि बॅक्स्टर या जोडप्याला नेमलं होतं. पैसे घेऊन निवडणुका लढवून देण्याचा धंदा अमेरिकेत पहिल्यांदा याच जोडप्याने उभा केला. त्यांनी वॉरन यांची सगळी गोजिरवाणी मुलं रांगेत उभी करून फोटो काढला आणि राज्यभर वाटला. नीनाबाईंना मुलांना असं प्रचारात ओढणं पसंत नव्हतं. फोटो मात्र फार गाजला. निवडणूक संपता संपता वॉरन यांचं त्या जोडप्याशी बिनसलं आणि त्यांनी त्यांना काढून टाकलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

जी गोष्ट मुलांना सांगताना मी अडखळले

१९४२ ची ही निवडणूक जिंकायच्या काही महिने आधी जे घडलं ते आता सांगते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होते, भाजीपाला पिकवत होते, छोटी दुकानं चालवत होते. त्यांच्यावर संशयाची लाट आली. वॉरन तेव्हा ॲटर्नी जनरल होते. त्यांनी राज्याचे नकाशे तयार करून घेतले. विमानतळ, विजेच्या तारा, कारखाने यांच्याजवळ जपानी लोकांची शेतं कुठे कुठे आहेत ते त्यात दाखवलं. अमेरिकन संसदेच्या समितीसमोर साक्ष देताना त्यांनी एक विचित्र युक्तिवाद केला. आतापर्यंत घातपाताचा एकही प्रकार झालेला नाही, हीच गोष्ट मोठ्या कटाची खूण आहे असं ते म्हणाले. जरा विचार करा, या तर्काने कुणीही कधीच निर्दोष ठरू शकत नाही. काही केलं तर गुन्हेगार आणि काही केलं नाही तर जास्तच मोठा गुन्हेगार.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला. सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरंदारं सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत जावं लागलं. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. काही कुटुंबांना सुरुवातीला लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात राहावं लागलं. छावण्यांमध्ये शाळाही भरायच्या. पहाऱ्याच्या मनोऱ्यांखाली मुलं रोज सकाळी अमेरिकन झेंड्याला वंदन करून निष्ठेची शपथ घ्यायची.

आदेश केंद्र सरकारचा आणि लष्कराचा होता, एकट्या वॉरन यांचा नव्हता. पण पाठिंबा देणाऱ्यांत त्यांचा आवाज मोठा होता, आणि त्याच वर्षी ते गव्हर्नर म्हणून निवडून आले. चरित्र सांगताना हे पान पटकन उलटायचा मोह होतो. मलाही झाला. पण पुढची अर्धी गोष्ट या पानाशिवाय कळत नाही, म्हणून ते ठेवलं.

१९४६

गव्हर्नर म्हणून वॉरन यांनी पहिल्या चार वर्षांत विक्रीकर थोडा कमी केला. वृद्धांचं निवृत्तिवेतन महिना ४० डॉलरवरून ५० वर नेलं. तुरुंगांचा कारभार सुधारला. युद्धकाळात कारखान्यांमुळे तिजोरीत जे पैसे आले ते उधळले नाहीत, शांततेच्या काळातल्या कामांसाठी बाजूला ठेवले. १९४४ मध्ये त्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला आणि दवाखान्यात राहावं लागलं. तिथे पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं की आपलं ठीक आहे, पण साध्या पगारदाराच्या घरात असं दुखणं आलं तर घर बुडेल. त्यातून १९४५ मध्ये त्यांनी राज्यातल्या कामगारांसाठी सक्तीच्या आरोग्य विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. विरोधाचा प्रचार चालवायला कुणाला नेमलं माहीत आहे? व्हिटेकर आणि बॅक्स्टर! योजना एका मताने पडली. वॉरन यांच्याच पक्षाचे बरेच आमदार विरोधात गेले आणि डेमोक्रॅटांचे बरेच बाजूने आले.

त्यामुळे १९४६ ची निवडणूक आली तेव्हा डेमोक्रॅटिक मतदारांना वॉरन परके राहिले नव्हते. समोर उभे होते रॉबर्ट केनी, त्या वेळचे राज्याचे ॲटर्नी जनरल. हुशार, विनोदी माणूस. पण निवडणूक लढवायला ते मनापासून तयार नव्हते. ऐन प्रचाराच्या सुरुवातीला ते जर्मनीत न्यूरेंबर्गला गेले. तिथे नाझी गुन्हेगारांवरचे खटले चालू होते, ते बघायला. इकडे वॉरन गावोगाव फिरत होते.

४ जून १९४६ रोजी प्रायमरी झाली. दोघांनीही दोन्ही पक्षांत अर्ज भरले होते. रिपब्लिकनांत वॉरन यांना पावणेआठ लाखांच्या आसपास मतं पडली आणि केनी यांना फक्त सत्तरेक हजार. हे अपेक्षितच होतं. पण डेमोक्रॅटिक पक्षातही, केनींच्या स्वतःच्या घरातही, वॉरन यांना सुमारे ५ लाख ९३ हजार आणि केनींना सुमारे ५ लाख ३१ हजार! नियमाप्रमाणे केनी जूनमध्येच बाद. नोव्हेंबरात वॉरन हे दोन्ही मोठ्या पक्षांचे अधिकृत उमेदवार होते. समोर उरला दारूबंदी पक्षाचा एक उमेदवार, आणि कम्युनिस्टांचा एक, ज्याचं नाव मतपत्रिकेवर नसल्याने मतदाराला ते हाताने लिहावं लागायचं. वॉरन यांना २३ लाख ४४ हजारांवर, म्हणजे ९१ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली.

आपल्याकडे ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गावाचं कौतुक होतं. भांडणं टळली, खर्च वाचला म्हणून ते योग्यही असेल. पण माझ्या वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न इथेही उरतोच. वॉरन चांगले गव्हर्नर होते, तरी नोव्हेंबरच्या त्या दिवशी ज्याला वेगळं मत द्यायचं होतं त्याच्यापुढे खरा पर्याय कोणता होता? कॅलिफोर्नियाच्या लोकांनाही हे हळूहळू खटकू लागलं. १९५४ च्या निवडणुकीपासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष छापायला लागले आणि त्याबरोबर या पद्धतीतला जीवच गेला. १९५९ मध्ये ती कायद्याने बंद झाली.

शिक्षक मित्रांसाठी एक माहिती. १९४६ च्या नोव्हेंबरातल्या त्याच मतदानात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आणखी एका प्रस्तावाला मंजुरी दिली. शिक्षकांना वर्षाला किमान २४०० डॉलर पगार आणि शाळांना राज्याकडून जास्त अनुदान. थेट मतदारांनी शिक्षकांचा पगार ठरवला! वाचून मी दोनदा तपासून पाहिलं.

सिल्व्हियाची शाळा

आता जे सांगणार आहे ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टर नावाचं गाव आहे. तिथे मुनेमित्सू नावाच्या जपानी वंशाच्या कुटुंबाची शेती होती. १९४२ च्या आदेशानंतर ते कुटुंब ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत गेलं. शेत ओसाड पडू नये, हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी ते गोन्झालो आणि फेलिसितास मेंडेझ या जोडप्याला खंडाने दिलं. गोन्झालो मूळचे मेक्सिकोचे, फेलिसितास पोर्तो रिकोच्या. मुलांना घेऊन ते वेस्टमिन्स्टरला राहायला आले. मुलांची आत्या आपल्या आणि भावाच्या मुलांना घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. शाळेने आत्याच्या मुलांना घ्यायची तयारी दाखवली, कारण ती गोरी होती आणि त्यांचं आडनाव मेक्सिकन वाटत नव्हतं. मेंडेझांच्या मुलांना मात्र मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळेत जायला सांगितलं. आत्याने कुणाचंच नाव घातलं नाही आणि सगळ्या मुलांना परत घेऊन आली. सिल्व्हिया तेव्हा आठ वर्षांची होती.

गोन्झालोंनी १९४५ मध्ये आणखी चार कुटुंबांना बरोबर घेऊन खटला भरला. खर्चाला पैसा त्याच शेतीतून आला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळा अपिलात गेल्या. अपिलात मुलांच्या बाजूने ज्यांनी लेखी म्हणणं मांडलं त्यांत एक होते रॉबर्ट केनी, म्हणजे प्रायमरीत वॉरन यांच्याकडून हरलेलेच ते केनी. आणि काळ्या लोकांच्या संघटनेतर्फे होते थर्गुड मार्शल. एप्रिल १९४७ मध्ये अपिलातही मेंडेझ जिंकले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून १९४७ मध्ये, गव्हर्नर वॉरन यांनी एका विधेयकावर सही केली. चिनी, जपानी आणि मूळ रहिवासी इंडियन मुलांसाठी वेगळ्या शाळा काढता येतील असं कॅलिफोर्नियाच्या कायद्यात अनेक वर्षं लिहिलेलं होतं. ती कलमं या सहीने रद्द झाली. आता बघा, वॉरन यांनी ज्या हद्दपारीला जोर लावला, तिच्यामुळे ते शेत रिकामं झालं. शेत रिकामं झालं म्हणून मेंडेझ तिथे आले. ते आले म्हणून खटला उभा राहिला, आणि शेवटी सही करायला कागद पुन्हा वॉरन यांच्याच टेबलावर आला. सही करताना त्यांच्या मनात हे आलं का, हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही. मुनेमित्सू कुटुंब युद्धानंतर परत आलं आणि मेंडेझांनी शेत त्यांच्या स्वाधीन केलं. सिल्व्हिया मेंडेझ यांना २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

पुढची वर्षं

१९४८ मध्ये वॉरन उपाध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि हरले. १९५० मध्ये तिसऱ्यांदा गव्हर्नरपदाला उभे राहिले. या वेळी समोर माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र जेम्स रूझवेल्ट होते. वॉरन यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवलं. पण त्या मतदानाच्याच दिवशी त्यांच्या धाकट्या मुलीला, नीनाला, पोलिओ झाल्याचं कळलं. विजयाच्या रात्री बाप दवाखान्यात होता. पुढे ती मुलगी बरी होऊन चालू लागली.

याच काळात त्यांची एक कृती मला अजून नीट समजलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नाही अशी खास शपथ लिहून घेण्याचं चाललं होतं. वॉरन यांनी तिला विरोध केला, शपथ न घेणाऱ्या प्राध्यापकांना काढू नये म्हणून विद्यापीठाच्या नियामक मंडळात मत दिलं. आणि काही आठवड्यांनी राज्यातल्या सगळ्याच सरकारी नोकरांना, म्हणजे शिक्षकांनाही, तशाच प्रकारची शपथ लागू करणाऱ्या कायद्यावर सही केली! निवडणूक तोंडावर होती, कोरियात युद्ध चालू होतं. कारण समजतं, पण पटत नाही.

सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश व्हिन्सन यांचं अचानक निधन झालं आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉरन यांना त्या जागी नेमलं. त्यांनी त्याआधी कधीही न्यायाधीश म्हणून काम केलेलं नव्हतं. समोर वेगळ्या शाळांचा खटला पडून होता आणि न्यायाधीशांत एकमत नव्हतं. मुलांकडून वकील तेच थर्गुड मार्शल. वॉरन यांनी घाई केली नाही. एकेका न्यायाधीशाशी वेगवेगळं बोलले, जेवणाच्या वेळी बोलले, आजारी न्यायाधीशाला दवाखान्यात भेटले. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांचा एकच निकाल आला. वॉरन यांनी तो मुद्दाम छोटा आणि साध्या भाषेत लिहिला होता, म्हणजे वर्तमानपत्रात छापता यावा आणि वकील नसलेल्या माणसालाही वाचता यावा. इमारत, पुस्तकं, शिक्षक सगळं सारखं दिलं तरी मुलाला केवळ रंगावरून वेगळं बसवलं की आपण कमी आहोत ही भावना त्याच्या मनात घर करते, आणि ती पुसता येईलच असं नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी अंमलबजावणीचा आदेश काढताना मात्र त्यांनी शब्द मोघम ठेवले आणि दक्षिणेतल्या राज्यांनी त्याचा फायदा घेऊन वर्षानुवर्षं टाळाटाळ केली.

आणखी एक उलटापालट. गव्हर्नर असताना कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ सभागृहात चाळीस लाखांवर वस्तीच्या लॉस एंजेलिस काउंटीला एकच प्रतिनिधी होता आणि काही हजार वस्तीच्या डोंगरी काउंट्यांना वाटून का होईना, तितकाच. ही व्यवस्था बदलण्याच्या १९४८ च्या प्रस्तावाला वॉरन यांनी विरोध केला होता. १९६४ मध्ये सरन्यायाधीश म्हणून त्यांनी निकाल दिला की आमदार लोकांचे असतात, झाडांचे किंवा जमिनीचे नसतात, म्हणून प्रत्येक मताची किंमत सारखीच हवी. गव्हर्नर असताना आपलं चुकलं होतं हे त्यांनी नंतर मान्य केलं. या सगळ्या निकालांमुळे चिडलेल्या लोकांनी त्यांना पदावरून काढा असे मोठे फलक रस्तोरस्ती लावले होते. केनेडींच्या हत्येच्या चौकशीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. त्याविषयी लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल. १९६९ मध्ये ते निवृत्त झाले.

जपानी छावण्यांबद्दल मात्र ते फार वर्षं गप्पच राहिले. लोक विचारायचे, ते टाळायचे. शेवटी १९७२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाकडून त्यांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण चालू असताना छावण्यांचा विषय निघाला. घर, शाळा, मित्र सोडून निघालेल्या लहान मुलांच्या चेहऱ्यांविषयी बोलता बोलता त्यांना रडू आवरेना आणि मुलाखत थांबवावी लागली. ९ जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टन इथे त्यांचं निधन झालं. आपण त्या हद्दपारीला पाठिंबा दिला ही चूक होती आणि तिचा आपल्याला खोल पश्चात्ताप आहे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं होतं. ते पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकन सरकारने कायदा करून त्या लोकांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई मंजूर केली, ते साल १९८८.